जुन्या मोटारीचे अंतरंग : झिजलेल्या साजाची डागडुजी



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत कोणताही विषय शोभतो. परंतु मोटारीच्या सीटचे कापड, दाराचे पॅड आणि डॅशबोर्डचा रंग हा विषय शोभेल की नाही, अशी शंका आपल्यापैकी काहींना येणे स्वाभाविक आहे. शिवाय बोलणारा मनुष्य कामगार संघटनेचा. त्याने पगारवाढ आणि बोनस सोडून या भानगडीत का पडावे, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. शाळा सुटली तेव्हा मी एका गॅरेजमध्ये हरकाम्या म्हणून लागलो आणि पुढे काही वर्षे कुशनवाले, डेंटर, पेंटर आणि पॉलिशवाले यांच्यातच वावरलो. संघटनेचे काम मी त्याच लोकांत सुरू केले. पुस्तके नंतर वाचली. त्यामुळे या विषयाकडे मी दोन प्रश्न घेऊन पाहतो. झिजलेली वस्तू पुन्हा चांगली कशी करावी, हा पहिला. आणि ती चांगली करताना करणाऱ्याची प्रकृती शाबूत कशी राहावी, हा दुसरा. आज दोन्हींविषयी थोडे सांगावयाचे आहे.

उदाहरणासाठी आपल्या घरची गाडी घेऊ. मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेली फियाट ११००, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले, ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. आरंभी कुर्ल्यात अमेरिकन गाड्यांची जोडणी होत असे. १९५० च्या दशकात तेथे फियाट आली. ही ११०० गाडी खुद्द इटलीत १९५३ साली निघाली होती. आपल्याकडे तिची नावे बदलत गेली : १९६० च्या दशकात डिलाइट, पुढे प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. सांगाडा बहुतांशी तोच राहिला. कामगार कायदा शिकणाऱ्यांना या कारखान्याचे नाव आणखी एका कारणाने ठाऊक असते. औद्योगिक तंटा दिवाणी न्यायालयात नेता येतो की नाही, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिलेला प्रसिद्ध निकाल याच कंपनीच्या खटल्यातला आहे. गाडीचे उत्पादन शतकाच्या अखेरीस थांबले. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिचा मुंबईतला प्रवास ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, कारण टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती.

आता ज्या उरल्या आहेत त्या खाजगी मालकांच्या. कोणाच्या वडिलांची, कोणाच्या आजोबांची. इंजिन दुरुस्त होते, पत्रा ठोकून सरळ होतो, पण दार उघडून आत बसले की फाटलेली सीट, फुगलेले दार आणि डाग पडलेला डॅशबोर्ड दिसतो, आणि मालक गॅरेजवाल्याला सांगतो, “सगळे काढून टाका आणि नवे बसवा.” माझ्या मते हा हुकूम देण्यापूर्वी थोडा विचार करावा. मूळचा साज एकदा भंगारात गेला की तो पुन्हा मिळत नाही, आणि बाजारात नवा म्हणून मिळतो तो पुष्कळदा जुन्यापेक्षा हलका असतो.

साज झिजतो कशाने?

वैद्य औषधाआधी निदान करतो. तेच येथे करावे. गाडीच्या आतला साज झिजवणारे तीन शत्रू आहेत : ऊन, पाणी आणि माणसाचा हात.

उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत उष्णता कोंडते. काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, आतल्या वस्तू तापतात, आणि तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. उन्हाळ्यात डॅशबोर्डचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही पुढे जातो. या उष्णतेने रेक्झिन कडक होते. असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. रेक्झिन हे मूळ एका इंग्रजी कंपनीचे व्यापारी नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन, त्यात कापराचे तेल घालून, चामड्यासारखे दिसणारे कापड ही कंपनी बनवी. पुढे नायट्रोसेल्युलोजची जागा पीव्हीसी या प्लॅस्टिकने घेतली. नाव मात्र आपल्याकडे तेच टिकले. पीव्हीसी स्वतः कडक असते. त्याला मऊ ठेवण्यासाठी त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. उष्णतेने ते द्रव्य हळूहळू बाहेर पडते. ते गेले की रेक्झिन प्रथम चिकट लागते, मग ताठरते आणि शेवटी घडीवर तडकते. काचेच्या आतल्या बाजूस जो तेलकट धूसरपणा जमतो, त्यातही बाहेर पडलेल्या याच द्रव्याचा अंश असतो.

दुसरा शत्रू पाणी. दाराची काच खाली-वर होते, तेव्हा तिच्या कडेने पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरते. ते उतरणारच, म्हणूनच दाराच्या तळाशी ते निघून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये डांबरी कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा असतो, तो पॅडला कोरडा ठेवतो. आता काय होते? एखादा मिस्त्री काचेची यंत्रणा दुरुस्त करण्यासाठी पॅड काढतो, पडदा फाडतो, आणि पुन्हा लावण्याची तसदी घेत नाही. तळाची भोके चिखलाने बुजतात. पुढच्या पावसाळ्यात पाणी हार्डबोर्डच्या पॅडमध्ये मुरते, पॅड फुगून वाकडा होतो, आणि त्यावरचे रेक्झिन सुटते. मालकाला वाटते, रेक्झिन वाईट होते. वास्तविक रेक्झिनचा काही दोष नसतो. असा पॅड नवा करून बसवला आणि पडदा लावला नाही, तर दोन पावसाळ्यांत तेच दुखणे परत येते. तळाच्या रबरी मॅटखाली पाणी साचून पत्रा गंजतो, त्याचीही कथा अशीच. यासाठी माझा पहिला नियम असा की आधी पाण्याची वाट शोधावी, मग साजाला हात लावावा. नाहीतर आधी कळस मग पाया अशी गत होते.

तिसरा शत्रू माणसाचा हात. घामात मीठ असते, केसांच्या तेलाने छताचे कापड काळे पडते, आणि दाराची कड जेथे रोज कोपर टेकते तेथे रंग उडतो. हा शत्रू तसा प्रेमळ आहे. त्याने केलेली झीज पुष्कळदा नुसत्या सफाईने निम्मी होते.

पाहणी आणि उतरवणी

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत. हल्ली खिशातल्या फोनने हे फुकटात होते, तरी ते न करणारे पुष्कळ. प्रत्येक स्क्रू कोठून काढला ते लिहून वेगळ्या पुडीत ठेवावा. जुने क्लिप घाईने ओढले की तुटतात. म्हणून रुंद, बोथट पट्टी पॅडखाली सरकवून प्रत्येक क्लिपजवळ हलकेच उचलावे. बॅटरीची तार आधी सोडावी, कारण डॅशबोर्डमागे विजेच्या तारांचे जुने आवरण ठिसूळ झालेले असते आणि एका ठिणगीत सगळा खेळ आटोपू शकतो.

मूळ रंग कोणता होता, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर गाडीतच असते. ॲशट्रे काढल्यावर तिच्या मागे, घड्याळाच्या कड्याखाली, सीटच्या शिवणीच्या आत दुमडलेल्या पट्टीत, जेथे ऊन आणि हात पोहोचले नाहीत, तेथे कारखान्यातला रंग जसाच्या तसा सापडतो. त्या तुकड्यावरून रंग मिळवावा. पुस्तकातल्या चित्रावरून किंवा मालकाच्या आठवणीवरून मिळवू नये.

पाहणीनंतर चार पायऱ्या, त्याही याच क्रमाने : प्रथम स्वच्छ करणे, नंतर जे आहे ते टिकवणे, मग तुटलेले सांधणे, आणि सर्वांत शेवटी बदलणे. निम्म्या गाड्यांचे काम दुसऱ्या पायरीवरच संपावयास हवे.

पत्रा आणि रंग

फियाट ११०० चा डॅशबोर्ड पत्र्याचा, रंगवलेला. कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी तो धुवून घ्यावा. मग दडलेल्या कोपऱ्यात, थिनरमध्ये किंचित भिजवलेली चिंधी घासून पाहावी. रंग चिंधीला सहज लागला तर तो नायट्रोसेल्युलोजचा लॅकर आहे. नाही लागला तर भट्टीत भाजलेला किंवा दोन भागांचा रंग आहे असे समजावे. ही चाचणी महत्त्वाची, कारण जुन्या भाजलेल्या रंगावर लॅकर बसतो, परंतु लॅकरवर चुकीचा रंग मारला तर खालचा थर सुरकुततो.

आपल्याकडे मोटारीच्या रंगाला सरसकट ड्यूको म्हणतात. हेही एक व्यापारी नाव. अमेरिकेत १९२० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने हा लॅकर काढला. त्यापूर्वी तेलाच्या वार्निशाचे एकावर एक थर देऊन वाळवण्यात आठवडेच्या आठवडे जात. ड्यूकोने ते काम काही तासांवर आणले. रंग भराभर वाळला म्हणूनच कारखान्यातून गाड्या भराभर बाहेर पडू लागल्या.

रंग शाबूत पण निस्तेज असेल तर बारीक रबिंग कंपाउंड हलक्या हाताने फिरवून मेण लावावे. कडा आणि उंचवटे येथे हात आणखी हलका ठेवावा, कारण तेथे रंगाचा थर सर्वांत पातळ असतो. रंग उडून पत्रा दिसत असेल तर गंज पूर्ण काढावा. फॉस्फरिक आम्लाचे द्रावण गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करते. ते लावून, धुवून, लगेच कोरडे करून प्रायमर द्यावा. खड्ड्यात लांबी भरावी, पण पातळ आणि दोन-तीन वेळा; एकदम जाड भरलेली लांबी आतून ओली राहते आणि सहा महिन्यांनी खचते. मग ३२० नंबरचा वॉटर पेपर, नंतर ६००, आणि त्यावर रंगाचे पातळ हात.

मुंबई आणि कोकणपट्टीत एक अडचण नेहमी येते. पावसाळी हवेत लॅकर मारला की तो दुधासारखा पांढरा पडतो. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, आणि थंड पृष्ठभागावर हवेतले बाष्प दव होऊन बसते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते तसेच हे. उपाय दोन : सावकाश उडणारे थिनर वापरणे, किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहणे. दुसरा उपाय फुकट आहे, पण गाडी उद्याच हवी असे म्हणणाऱ्या मालकाला तो आवडत नाही.

सीट, पॅड आणि छत

सीटचे रेक्झिन नुसते मळलेले असेल तर मऊ ब्रश आणि साबणाचा फेस पुरतो. थिनर किंवा स्पिरिट मुळीच लावू नये. ते रेक्झिन मऊ ठेवणारे द्रव्य ओढून घेते, आणि आज चकाकलेली सीट वर्षात तडकते. रंग उतरला असेल तर रेक्झिनसाठी बनवलेला, वाकला तरी न सोलणारा रंग मिळतो, तो फवाऱ्याने द्यावा. घरच्या भिंतीचा किंवा पत्र्याचा रंग सीटला कधीही देऊ नये.

पुष्कळदा कापड चांगले असते आणि धागा कुजलेला असतो. तेव्हा कसबी कुशनवाला शिवण उसवून, मजबूत पॉलिएस्टरच्या धाग्याने, जुन्याच भोकांतून पुन्हा शिवतो. शेजारी नवी भोके पाडली तर ती पट्टी पोस्टाच्या तिकिटासारखी होते आणि त्या रेषेवर फाटते. जुन्या भोकांतून शिवण्यास वेळ लागतो, म्हणून तसे शिवण्याची मजुरी जास्त पडते. ती देण्यात मालकाचाच फायदा आहे. कव्हर बदलावेच लागले तर जुने कव्हर शिवणीवर उसवून त्याचे तुकडे नमुना म्हणून वापरावेत. अंदाजाने कापलेले कव्हर कितीही ताणले तरी कोपऱ्यात सुरकुती ठेवतेच. आत स्प्रिंगांवर काथ्याचा थर असेल तर तो बदलून नुसता फोम कोंबू नये. काथ्यातून हवा खेळते आणि घाम वाळतो. फोम ओलावा धरून ठेवतो.

दाराच्या पॅडचा हार्डबोर्ड फुगला असेल तर सरळ होत नाही. जुन्यावरून आखून नवा कापावा. तीन मिलिमीटरची पाण्याला दाद न देणारी प्लायही चालते. रेक्झिन चिकटवण्यापूर्वी बोर्डाच्या दोन्ही बाजू आणि सर्व कडा वार्निशने बंद कराव्यात. कडा विसरल्या तर सर्व व्यर्थ, कारण पाणी कडेतूनच शिरते. आणि तो पडदा परत लावावा, हे पुन्हा सांगतो.

छताचे कापड तारांच्या कमानींवर ताणलेले असते. प्रत्येक कमान आपल्याच जागी जावयास हवी, कारण त्यांचे बाक निरनिराळे असतात. काढताना पुढून मागे क्रमांक घालावेत. मळलेले कापड ओलेचिंब करून धुतले तर खालचा गंज वर येतो आणि तपकिरी चट्टे पडतात. ओलसर फडक्याने फेस टिपून घेणे बरे.

लाकूड

पद्मिनीत लाकूड नाही, परंतु जुन्या इंग्रजी गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. त्या गाड्यांत अक्रोडाच्या लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा जाड फळीवर चिकटवलेला असतो. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे उघडलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे शेजारी लावतात, म्हणून डावी-उजवी नक्षी आरशातल्यासारखी जुळते. एक तुकडा खराब झाला तर त्याचा जोडीदार दुसऱ्या झाडात सापडत नाही. यासाठी यंत्राने घासण्याचा मोह टाळावा. पापुद्रा एक मिलिमीटरही नसतो, आणि तो घासून पार झाला की खालची फळी दिसते. मग कोणताही रंग ते झाकत नाही. अक्रोड उन्हाने फिका पडतो, हेही लक्षात ठेवावे. मूळ गडदपणा पाहावयाचा तर घड्याळाच्या कड्याखाली पाहावा.

आपले पॉलिशवाले चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, चिंधीत गुंडाळलेल्या कापसाच्या गोळीने फ्रेंच पॉलिश करतात. ही लाख आपल्याच देशातली. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची ती देणगी आहे. दिवाणखान्यातल्या कपाटाला तिच्यासारखे पॉलिश नाही. परंतु मोटारीत ऊन आहे, आणि लाख उष्णतेने मऊ पडते. म्हणून लाखेचा हात फक्त खालचा थर म्हणून द्यावा, तोही मेण काढलेल्या लाखेचा. आणि वर ऊन सोसणारे वार्निश द्यावे. लाखेत मेण राहिले तर वरचे वार्निश धरत नाही.

चकाकणाऱ्या पट्ट्या आणि स्टिअरिंग

दाराची हँडले पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. त्यांच्यावर तांबे, मग निकेल, आणि सर्वांत वर क्रोमियम, असे थर असतात. क्रोमियमचा थर अतिशय पातळ, निकेलच्या थराच्या मानाने काहीच नाही. म्हणून पितळी भांड्यांची पावडर किंवा तारेचा काथा तेथे वापरू नये; चकाकी दोन दिवस वाढते आणि कायमची जाते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवरही विजेच्या क्रियेने दिलेला संरक्षक थर असतो, त्यालाही हाच नियम.

स्टिअरिंगच्या चाकात आत पोलादी सळई आणि बाहेर कडक प्लॅस्टिक असते. प्लॅस्टिक वर्षानुवर्षे आकसते, सळई आकसत नाही. म्हणून आऱ्यांजवळ भेगा पडतात. भेग वरवर बुजवली तर पुन्हा उघडते. कानशीने ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद करावी, दोन भागांचा इपॉक्सी भरावा, पूर्ण कडक झाल्यावर घासून गोलाई मिळवावी आणि मग रंग द्यावा.

काम करणाऱ्याची छाती आणि हात

आता दुसरा प्रश्न. वर जी द्रव्ये मी नावानिशी सांगितली, त्यांतली बहुतेक माणसाला बाधतात. हे काम बहुधा अरुंद जागेत, पत्र्याच्या शेडमध्ये, आणि पुष्कळदा गाडीच्या आत बसून होते. गाडीच्या आत चिकट सोल्यूशन लावणारा पोऱ्या म्हणजे बाटलीत तोंड घालून वास घेणारा माणूसच.

रबरी सोल्यूशनमध्ये टोल्युईन असते, काहींत हेक्झेन असते. १९६० च्या दशकात जपानमध्ये चपला बनवणाऱ्या कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, मग बधिरपणा, मग पाय उचलेनात. कारण निघाले ते चिकटद्रवातले हेक्झेन. ते शरीरात गेल्यावर त्याचे जे रूपांतर होते, ते मज्जातंतूंना मारक असते. इटलीतल्या पादत्राणांच्या कामगारांतही हाच आजार आढळला. आपला कुशनवाला “हात सुन्न पडतो, वयाचे असेल” असे म्हणतो तेव्हा त्याच्या शेजारचा डबा पाहावा.

हल्ली लॅकरच्या जागी दोन भागांचा चकचकीत रंग आला आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. रंगाऱ्यांना कामामुळे जो दमा होतो, त्याचे हे एक प्रमुख कारण म्हणून वैद्यकशास्त्राने नोंदले आहे. एकदा शरीराला त्याचे वावडे झाले की पुढे अगदी थोड्या वाफेनेही धाप लागते, आणि त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल येथे शून्य उपयोगाचा. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा. तो नसेल तर हा रंग गाडीच्या आत फवारू नये. सुटे भाग काढून, उघड्यावर, इतरांपासून दूर, किंवा योग्य सोय असलेल्या ठिकाणी पाठवून रंगवावेत.

जुन्या रंगांत शिसे असू शकते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, गाळ गोळा करावा, आणि जेवणापूर्वी हात-तोंड साबणाने धुवावे. क्रोमच्या हौदातले क्रोमियम आम्ल कातडीला जखमा करते आणि फुप्फुसाचा कर्करोगही ओढवते. घरी बादलीत क्रोम चढवण्याचे प्रयोग करू नयेत. आणि एक गोष्ट आगीची. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर त्या हवेतला प्राणवायू शोषताना आपोआप तापतात आणि रात्रीतून पेटू शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात टाकाव्यात. याला एक पैसाही लागत नाही.

कोणी म्हणेल, यासाठी कायदा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात, विजेवर काम चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की तो कारखाना ठरे; २०२० च्या संहितेने ती संख्या वीस केली. आपले गॅरेज तीन-चार माणसांचे. निरीक्षक तेथे फिरकत नाही, आणि तीन माणसांची संघटना उभी राहणे किती कठीण, ते मी अनुभवाने सांगतो. तेव्हा तेथे उरतो तो फक्त गिऱ्हाईक. म्हणून हे मी आपल्यासमोर, म्हणजे गिऱ्हाइकांसमोर, मुद्दाम बोलतो आहे.

आपण काय करू शकता

आपली किंवा आपल्या शेजाऱ्याची जुनी गाडी दुरुस्तीला जाईल तेव्हा चार गोष्टी कराव्यात. पहिली, जुने काढून टाकण्याचा हुकूम एकदम देऊ नये; काय टिकेल ते कारागिराला विचारावे. तो आपल्यापेक्षा अधिक जाणतो, पण विचारल्याशिवाय बोलत नाही, कारण विचारण्याची कोणाला सवय नाही. दुसरी, वेळ द्यावा. कोरडा दिवस, पातळ थर, पूर्ण वाळणे, जुन्या भोकांतून शिवणे, या सर्वांची किंमत वेळातच असते. आणि घाईने केलेल्या कामात प्रथम वगळला जातो तो मुखवटा. तिसरी, आत जाऊन रंगाची जागा पाहावी : हवा खेळते का, मुखवटा आहे का, हातमोजे आहेत का. नसतील तर त्यांचे पैसे बिलात लावण्यास आपणच सांगावे. एका जोडी हातमोज्यांनी कोणाचे दिवाळे निघत नाही. चौथी, काम झाल्यावर ज्याने सीट शिवली आणि ज्याने डॅशबोर्ड रंगवला, त्यांची नावे विचारून गाडीच्या कागदपत्रांबरोबर लिहून ठेवावीत. पुढच्या दुरुस्तीला त्यांचा उपयोग होईल, आणि त्या माणसांनाही बरे वाटेल.

हे कसब जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांची मुले या धंद्यात येत नाहीत, आणि ज्या धंद्यात पन्नाशीला धाप लागते त्यात मुलांनी यावे असे मी तरी कोणत्या तोंडाने सांगू? मजुरी बरी मिळाली आणि प्रकृती शाबूत राहिली, तर मुले येतील. त्यांच्याबरोबर जुन्या भोकांतून शिवण्याचे ज्ञानही टिकेल. ते टिकले नाही तर आपल्या आजोबांच्या फियाटला नवे रेक्झिन मिळेल, पण ते बसवणारा मिळणार नाही.

 कोणाच्या गाडीच्या दाराचे पॅड फुगले असतील तर व्याख्यानानंतर अवश्य भेटावे. पडद्याचा कागद कसा कापावा ते समक्ष दाखवीन.